राजधानीची किंमत

राजधानी हलविण्याची गोष्ट निघाली की आपल्याला महंमद तुघलक आणि देवगिरी आठवतात. सुलतानाच्या मनात आले, हुकूम सुटला आणि दिल्लीकरांना दौलताबादची वाट धरावी लागली. पण हाच निर्णय लोकांच्या हाती सोपविला तर काय होते? याचे उत्तर अमेरिकेतील अलास्का राज्याच्या इतिहासात सापडते.

अलास्काला राज्याचा दर्जा १९५९ साली मिळाला. राजधानी जूनो. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास समुद्र. राज्याच्या इतर भागांतून तेथे मोटारीचा रस्ता नाही. जावयाचे तर बोटीने किंवा विमानाने. बहुसंख्य वस्ती मात्र दूर अँकरेजच्या बाजूस. साहजिकच सरकार जवळ असावे ही मागणी पुढे आली. १९६० आणि १९६२ साली मतदारांनी ती नाकारली. पुढे १९६८ साली उत्तर किनाऱ्यावर तेलाचा प्रचंड साठा सापडला आणि हात सैल झाले. १९७४ साली लोकांनी राजधानी हलविण्यास संमती दिली. १९७६ साली अँकरेजच्या उत्तरेचे विलो हे स्थळही मतदानाने ठरले.

येथवर प्रश्न विचारला गेला तो एवढाच : राजधानी हलवावी काय? खर्च किती, हे कोणी विचारले नव्हते. १९७८ साली मतदारांनीच एक कायदा संमत केला. स्थलांतराचा संपूर्ण खर्च आधी जाहीर करावा, आणि त्याला लोकांची मंजुरी मिळाल्याखेरीज पैसा खर्चू नये, असा त्याचा आशय. त्याच वर्षी नव्या राजधानीसाठी सुमारे ९७ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्याची योजना लोकांनी फेटाळली. १९८२ साली पूर्ण हिशेब समोर आला : सुमारे २८४ कोटी डॉलर! लोकसंख्या पाच लाखांच्याही आत. म्हणजे तान्ह्या मुलासकट माणशी पाच हजार डॉलरांहून अधिक. मतदारांनी हा खर्च नामंजूर केला. विलोची राजधानी कागदावरच राहिली.

यावरून लोक चंचल असतात असा निष्कर्ष कोणी काढील. आम्हांस तसे वाटत नाही. १९७४ चा प्रश्न आणि १९८२ चा प्रश्न एक नव्हतेच. पहिला इच्छेचा होता, दुसरा व्यवहाराचा. घर बांधावे काय, असे विचारले तर कोण नाही म्हणेल? पण अंथरूण पाहून पाय पसरावयाचे तर अंथरुणाची लांबी आधी कळली पाहिजे.

जूनोची गैरसोय खरीच होती, आणि ती आजही संपलेली नाही. ज्यांनी स्थलांतराला मत दिले ते वेडे नव्हते; सरकारच्या दारापर्यंत सामान्य माणसाला जाता यावे, ही त्यांची अपेक्षा रास्तच होती. पण सार्वजनिक इमारतीचा पैसा सर्वांचा असतो, आणि तो एका कामी लागला की दुसऱ्या कामी उरत नाही. म्हणून लोकांना कौल मागताना आकडा झाकून ठेवणे म्हणजे अर्धाच प्रश्न विचारणे होय. अर्ध्या प्रश्नाला मिळालेला होकार पुरा मानता येत नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.