कामगार विम्यापासून फुले योजनेपर्यंत

आरोग्यविमा म्हणजे जणू अलीकडच्या सरकारांनी गरिबांना दिलेली देणगी, असे आपले पुढारी बोलतात. इतिहास वेगळे सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ साली, प्रा. आदारकरांकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. १९४४ ला अहवाल आला, १९४८ ला कायदा झाला. (तेव्हा मजूरमंत्री होते जगजीवनराम.) १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत आणि १९५४ मध्ये नागपूर, मुंबईत त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

या कायद्याने बुडालेली मजुरी हाही आजाराचाच भाग मानला. साध्या तापालाही औषध, आणि वर रोख भत्ता. आज हा भत्ता वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. हातावर पोट असणाऱ्याला आजार दोनदा दंड करतो, हे इथे ओळखले गेले. पण दार उघडले ते कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असणाऱ्यालाच. शेतमजूर, बिगारी, धुणीभांडी करणाऱ्या बाया, म्हणजे आपला बहुसंख्य समाज, बाहेरच राहिला. माझ्या वडिलांनी गंगापूर रोडवरच्या बंगल्यांसाठी विटा वाहिल्या. सातपूरचे कामगार विमा रुग्णालय तिथून दूर नाही, पण त्यांच्यासाठी ते परमुलखातच होते.

२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ पासून राज्यभर आलेल्या जीवनदायी योजनेने हजेरीपटाची अट मोडली. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका पुरे, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस या गोष्टी मजुराच्या आवाक्यात आल्या. हे यश नाकारणे हा अप्रामाणिकपणा होईल. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. २०२३ मध्ये मर्यादा ५ लाख करून ती सर्वांना लागू करण्याचा निर्णय झाला.

मात्र पैसा मिळतो तो ठरलेल्या यादीतल्या उपचारांना आणि बहुतांशी रुग्णालयात दाखल झाल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात नाही. म्हणजे आजार वाढू द्यायचा, मग शस्त्रक्रियेचे बिल शासनाने भरायचे! १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या. फुल्यांच्या नावाच्या योजनेत सुरगाण्याच्या रुग्णाला मोठ्या उपचारासाठी स्वतःच नाशिक गाठावे लागते. आपल्या चळवळीनेही शिक्षण आणि नोकरीवर जितके लिहिले, तितके दवाखान्यावर लिहिले नाही. योजनेच्या नियमांत रुग्णाच्या परतीच्या एस.टी. भाड्याची तरतूद आहे. बुडालेल्या मजुरीची नाही.