भर समुद्रात शिडाच्या नौकेचं इंजिन बंद पडलं तर काय करतात?

शिडाच्या नौकेला इंजिन कशाला हवं, असा प्रश्न पडतो ना? वारा पडला की पुढे सरकायला, बंदरात शिरायला आणि दिवे, रेडिओ, जीपीएसच्या बॅटऱ्या चार्ज करायला ते लागतं. गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या शिडाच्या नौकांवरही डिझेल इंजिन आहे.

आधी शीड, मग पाना

इंजिन थांबलं की पहिलं काम म्हणजे शीड उभारून किनारा आणि खडकांपासून लांब जाणं. वारा नसेल आणि पाणी उथळ असेल, तर नांगर टाकायचा. नौका सुरक्षित झाली की मग दुरुस्तीला वेळच वेळ असतो.

बिघाड कसा ओळखतात?

गुदमरत बंद पडलं: लाटांमुळे टाकी घुसळते, तळाचा गाळ आणि पाणी वर येऊन डिझेलचा फिल्टर तुंबतो. फिल्टर बदलल्यावर पाइपात शिरलेली हवाही काढावी लागते, नाहीतर इंजिन सुरू होत नाही.

तापलं: इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत खेचलं जातं. एक्झॉस्टमधून पाणी कमी येत असेल, तर जाळीत प्लास्टिक अडकलंय का किंवा पंपातल्या रबरी इम्पेलरची पाती तुटलीत का, ते पाहतात. गरम इंजिनच्या कूलंटचं झाकण उघडू नये, अंगावर उकळतं पाणी उडतं.

झटका बसून थांबलं: पंख्यात दोर किंवा जाळं गुंतलेलं असू शकतं. समुद्र खवळलेला असताना ते सोडवायला पाण्यात उतरू नये, नौकेचा तळ डोक्यावर आदळतो.

महागात पडणारी चूक

इंजिन सुरू होत नाही म्हणून सतत स्टार्टर मारला, तर पंप पाणी खेचत राहतो. ते बाहेर ढकलायला धूर नसतो. पाणी एक्झॉस्टमध्ये साचून थेट सिलिंडरमध्ये शिरू शकतं. म्हणून अशा वेळी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवतात आणि इंजिन सुरू होताच उघडतात.

मदत कधी मागायची?

व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर तातडीसाठी ‘पॅन-पॅन’ आणि जिवावर बेतलं असेल तर ‘मेडे’ पुकारतात. भारतात मोबाइलला रेंज असेल, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. नुसतं इंजिन बंद पडलं म्हणून ‘मेडे’ नसतो, कारण शीड अजून शाबूत असतं. नौका खडकांकडे वाहत निघाली, तर मात्र वाट पाहायची नाही.