कुंभारीण माशीचं विष आणि आपल्या सांध्यांची सूज



तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते, तेव्हा आपल्या गावागावांत कीर्तनं होतात. कीर्तनात ऐकलेला कीटक-भृंगीचा दृष्टांत आपल्याला ठाऊक आहे. कुंभारीण माशी चिखलाचं घर बांधते, त्यात अळी आणून कोंडते. ती अळी भीतीनं माशीचंच ध्यान करत राहते आणि शेवटी माशीच होऊन बाहेर पडते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये या माशीलाही जागा आहे. एकनाथ महाराजांनी त्याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली, ती १५७३ साली काशीत पुरी झाली.

दृष्टांत भक्तीसाठी आहे, पण त्यामागचं निरीक्षण पक्कं आहे. कोंडलेली अळी हलत नाही आणि सडतही नाही. ती मेलेली की जिवंत?

हाच प्रश्न फ्रान्समधल्या अभ्यासकांनाही पडला होता. अशाच एका माशीनं बिळात साठवलेले भुंगेरे ताजे कसे राहतात, हे लेओं द्युफूर पाहत होते. त्यांना वाटलं, भुंगेरे मेलेत आणि माशीचं विष त्यांना सडू देत नाही. मग झां-आंरी फाब्र या शाळामास्तरानं माशीच्या मागे मागे फिरून नीट पाहिलं आणि १८५५ साली लिहिलं की भुंगेरे जिवंतच असतात. माशी नेमक्या जागी नांगी मारते, म्हणून ते लुळे पडतात. माशी त्यांच्यावर अंडं घालते, अंड्यातून निघालेलं पिल्लू ते ताजं अन्न खाऊन वाढतं आणि माशी होऊन बाहेर येतं.

या कुंभारणीचं गणगोत आपल्या उसातही नांदतं. ट्रायकोकार्ड आपल्यातल्या कितीतरी जणींनी पानाखाली टाचलंय. एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी असतात. त्यांतून निघणारी ट्रायकोग्रामा ही माशी डोळ्याला जेमतेम दिसते. ती खोडकिडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, म्हणजे किडीची अळी जन्मतच नाही. दुसरी कोटेशिया. ती खोडकिडीच्या जिवंत अळीच्या पोटात अंडी घालते. पोखरलेला ऊस चिरल्यावर कधी कधी आत बारीक पांढऱ्या कोषांचा पुंजका दिसतो. ते बहुधा तिचेच.

आता गंमत ऐका. आपल्या पायात काटा मोडला, की शरीर त्याभोवती सूज धरतं. अळीचंही तसंच. बाहेरचं काही अंगात शिरलं की तिच्या रक्तातल्या पेशी धावत येतात, त्याला चारी बाजूंनी वेढतात आणि मारून टाकतात. मग कोटेशियाची अंडी वाचतात कशी? अंड्यांसोबत माशी विष सोडते आणि एक खास विषाणूही सोडते. ही दोन्ही मिळून तो वेढा पडूच देत नाहीत. थोडक्यात, ही माशी शरीराचा पहारा थोपवते.

शास्त्रज्ञांचं लक्ष इथंच गेलं, कारण माणसाचा पहारा कधी कधी चुकतो. काटा निघाला की सूज उतरायला हवी. पण आमवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं आणि सूज उतरत नाही. बोटं आखडतात, सकाळी पिठाचा डबा उघडत नाही, खुरपं धरवत नाही.

या दुखण्यावरचा मोठा शोध १९४८ सालचा. अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी आमवातानं खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं. हेच स्टेरॉइड. पण लवकरच त्याची दुसरी बाजू दिसली. ते फार दिवस घेतलं तर तोंड सुजतं, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. म्हणून सूज उतरवणारं, पण इतकी किंमत न मागणारं औषध जग आजही शोधतंय.

त्या शोधात नासोनिया नावाची एक बारकी माशी पुढे आली. ती घरमाशीसारख्या माश्यांच्या कोषावर अंडी घालते. २०१० साली तिची जनुकं वाचून झाली आणि तिच्या विषात ७९ प्रथिनं सापडली. २०१४ साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या सस्तन प्राण्यांच्या पेशींवर ते विष घालून पाहिलं. विषाचं प्रमाण वाढवलं, तसे सूज पेटवणारे संदेश कमी झाले.

पण हे सगळं पेशींवर झालं, माणसावर नाही. तिथून गोळीपर्यंतची वाट लांबची असते. ब्राझीलमधल्या जराराका सापाचं उदाहरण घ्या. तो चावला की रक्तदाब कोसळतो. तिथल्या सर्जिओ फेरेरा यांनी त्याच्या विषाचा अभ्यास १९६० च्या दशकात सुरू केला. त्यावरून सुचलेली कॅप्टोप्रिल ही रक्तदाबाची गोळी अमेरिकेत १९८१ साली मान्य झाली. त्या गोळीत सापाचं विष नाही. विषातल्या एका अंशावरून धडा घेऊन माणसानं बनवलेलं ते रसायन आहे. आपल्या घरातल्या कुणाच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव ‘प्रिल’नं संपत असेल, तर ती याच घराण्यातली.

तेव्हा ‘माशीच्या विषानं सांधे बरे होतात’ असं कुणी सांगितलं, तर गांधीलमाशीची नांगी लावून घेऊ नका. एखाद्या अंगाला ती सोसत नाही, श्वास कोंडून जीवही जाऊ शकतो. बाजारात सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात, त्याही टाळा. एका दिवसात गुण आला, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल, तर ती एकदम बंद करू नका, त्यानंही जिवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना खरं सांगा. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहत असतील, तर लवकर तपासून घ्या. आमवातावर आज चांगली औषधं आहेत. वेळेत सुरू केली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात.

आणि रानातल्या माशीला जपा. ट्रायकोकार्ड लावलं की पुढचे काही दिवस कीटकनाशक फवारू नका. पाचट पेटवू नका, त्यात किडीबरोबर मित्रकीटकही जळतात. या माश्यांच्या हजारो जातींचं विष अजून कुणी तपासलेलं नाही. त्यांतली एखादी आपल्याच बांधावर असेल. औषध पुढं कधी येईल ते येईल, पण ऊस राखायचं काम ती आजही करते आहे.

पुढच्या बुधवारी गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. बैठकीला येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. त्यांवरची नावं मिळून वाचू.