कातळावर घडवलेली माती

मालवण-वेंगुर्ल्याकडे घरामागच्या परड्यात पहिल्यांदाच भाजी लावणाऱ्याचा हिरमोड बहुधा एकाच प्रकारे होतो. बी रुजते, सुरुवातीला रोप तजेलदार दिसते, मग मिरची खुरटते आणि वांग्याची पाने पिवळी पडतात. दोष तो आपल्या हाताला देतो, नाहीतर बियाण्याला. खरे कारण पायाखाली असते. जून ते सप्टेंबरात इथे सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि जांभ्यापासून झालेल्या मातीतला चुना, पालाश, मॅग्नेशियम धुऊन नेतो. मागे उरते ती लोह आणि अ‍ॅल्युमिनियमने भरलेली आम्लधर्मी लाल माती. तिला स्फुरद घातला तरी ती तो स्वतःच धरून ठेवते, मुळांना सहजी देत नाही. किनाऱ्यालगतच्या पुळणीचे दुखणे वेगळे. शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे तिथे चुन्याची वाण नसते, पण पाणी आणि खत दोन्ही तिच्यातून पाझरून जातात. तरीही भात कापून झाल्यावर याच मुलखात लाल माठ, मुळा, चवळी, वांगी पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. माझ्या मते याचा अर्थ एकच निघतो. इथली भाजीची जमीन माणसांनी बाहेरून माल आणून घडवली आहे, आणि आणणे थांबले की ती पुन्हा मूळपदावर जाते.

हा माल कुठून येई, यात या जमिनीचा सगळा इतिहास आहे. डोंगरउतारावरून टाहाळ (छाटलेल्या पालेदार फांद्या) आणि पातेरा (गळलेला पालापाचोळा) येई. तो गोठ्यात गुरांखाली पसरला की शेणाबरोबर मूत्रही त्यात मुरे, आणि तेच पुढे गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात, जाई. चुलीची राख परड्यात पडे. समुद्राकडून स्वस्त झालेली मासळी येई. तारलीचे मोठे थवे लागले की खाऊन-सुकवून उरलेली मासळी माडांच्या आळ्यात पुरली जाई, म्हणजे खोल पाण्यातला नत्र आणि स्फुरद पुळणीत येऊन पडे. या सगळ्यात सर्वांत कष्टाचा प्रकार भाजावळीचा. फांद्या, पाने, शेण, गवत यांचे थर भाताच्या तरव्याच्या (रोपांच्या) जागी रचायचे, वर बारीक माती टाकायची आणि पावसाच्या आधी धिम्या आगीवर ते भाजून काढायचे. उत्तर कोकणात यालाच राब म्हणतात. वांगी-मिरचीच्या रोपांसाठीही अशी छोटी जागा भाजून घेण्याची रीत आहे. मोठे शेत सुधारणे आवाक्यात नसेल, तर निदान रोपाचे बाळपण ज्या चार हातांत जाते ती जागा सकस करायची, हा त्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

या रीतीवर सरकारदरबारी मोठा वाद झाला. राबासाठी झाडे छाटल्याने जंगल संपते, असे वनखात्याचे म्हणणे होते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारींमुळे मुंबई सरकारला 1885 साली वन आयोग नेमावा लागला, आणि त्याच्या 1887 च्या अहवालात राबाला मोठी जागा मिळाली. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी हिंदुस्थानभर फिरून 1893 साली शेतीसुधारणेवर जो अहवाल दिला, त्यातही राबाची चर्चा आहे, आणि इथल्या शेतकऱ्याला अडाणी समजू नये हा त्यांचा एकूण सूर आहे. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1912 च्या सुमारास राबाचे रासायनिक परीक्षण केले. राबाचा गुण केवळ राखेत नाही, माती तापण्यातही आहे, असे त्यातून पुढे आले. तापलेल्या मातीतला अडकलेला नत्र रोपाला मिळतो आणि तणाचे बीही जळते. पण वनखात्याचा आक्षेप सगळाच खोटा होता असे नव्हे. पाल्यातला नत्र आगीत हवेत जातो, आणि वर्षानुवर्षे छाटलेला डोंगर उघडा पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात (मालवण तेव्हा त्यातच होते) राखीव जंगल फारच थोडे होते, त्यामुळे शेताची सुपीकता बऱ्याच अंशी भोवतालच्या खाजगी आणि गावच्या डोंगरांनी भरून दिली. एका जागेची माती दुसऱ्या जागेच्या खर्चाने सुधारली, हे कबूल केलेच पाहिजे. हा खर्च माणसांच्या, त्यातही बायकांच्या, डोक्यावरून वाहिला गेला, हेही.

कोणी म्हणेल, गड आणि कर्ली नदीकाठचे मळे तर मुळातच कसदार आहेत. आहेत, पण थोडे. शिवाय त्या मळ्यांतला गाळ म्हणजे वरच्या उतारांवरून वाहून आलेली मातीच. ओहोळाला आडवे दगडी बांध घालून तो अडवला नसता, तर तोही खाडीत गेला असता.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: आता पोत्यातले खत मिळते, मग हा खटाटोप कशाला? पोत्यातल्या खताला माझा विरोध नाही. थोडे थोडे, हप्त्याहप्त्याने दिले तर ते इथेही लागू पडते. पण मातीत कुजलेला पाला नसेल तर नत्र आणि पालाश पहिल्या मोठ्या सरीत वाहून जातात, आणि स्फुरद लोहात अडकतो. गेल्या काही दशकांत नेमका पाल्याचाच पुरवठा तुटला. मुंबईला गेलेल्या घरांचे गोठे रिकामे झाले, गॅस आला आणि राख संपली. 1990 नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून भरडावर, म्हणजे वरकस माळावर, आंबा-काजू उभे राहिले, आणि पूर्वी ज्या उतारांवरून टाहाळ येई ते कलमांखाली गेले. त्या बागांनी या भागाला पैसा दिला, हे खरेच आहे. मात्र त्यांच्या खाली पडणारा पातेरा वणव्याच्या धास्तीने पुष्कळदा गोळा करून जाळला जातो, आणि परडे उपाशी राहते.

म्हणून नव्याने भाजी करणाऱ्याने खताचे नाव विचारण्याआधी आपल्या भोवती पाला कुठे पडतो ते पाहावे. काजूचे जाड पान सावकाश कुजते, त्यात शेणकाला आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा कोवळा पाला मिसळला तर काम लवकर होते. मातीपरीक्षणात आम्लता जास्त निघाली तर चुना द्यावा. आणि गायरी पावसाळ्यात उघडी ठेवण्याची जुनी चूक टाळावी, कारण तिचा काळा रस ओहोळात गेला तर खड्ड्यात नुसता चोथा राहतो. तिच्यावर मृगाच्या आधी चुडताची झापे घालावीत, आणि भोवती पाणी वळवणारा चर काढावा.