जंजिऱ्याच्या बुरुजावरून समुद्र पाहताना

चिखलीहून निघालेल्या कुटुंबाला मुरूड-जंजिरा लांब पडतो. मलकापूरहून रेल्वेने मुंबई, तिथून अलिबागमार्गे मुरूड आणि पुढे राजपुरी. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने किल्ल्यात जायचं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, किल्ला बंद राहतो. म्हणून दिवाळीनंतरचे महिने बरे.

जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, म्हणजे बेट. या बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात तो सिद्दींच्या हाती आला आणि पुढे दगडी तट उभा राहिला. सिद्दी मूळचे पूर्व आफ्रिकेतले, ज्याला तेव्हा हबसाण म्हणत. त्यांचं संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं.

किल्ल्याचा दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, पण होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो नीट ओळखू येत नाही. आत मशीद, गोड्या पाण्याचे दोन तलाव आणि कलालबांगडी ही प्रचंड तोफ आहे. मात्र खरी गंमत बुरुजावर. तटाला १९ बुरूज असून प्रत्येकातून तोफांसाठी झरोके ठेवलेत. इथे उभं राहिलं की राजपुरीच्या खाडीचं तोंड आणि उघडा समुद्र दोन्ही दिसतात. खाडीत शिरणारं गलबत पहारेकऱ्याच्या नजरेतून सुटणं अवघड होतं. या किल्ल्याचं बळ तटाइतकंच या नजरेत होतं.

मुरूडसमोर समुद्रात दुसरा किल्ला दिसतो. तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी सिद्दींना शह देण्यासाठी बांधलेला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर टाकून जंजिऱ्यापर्यंत वाट करायचा प्रयत्न केला, तरी किल्ला हाती आला नाही.

ही लढाई आज बरेचजण हिंदू-मुसलमान अशी सांगतात. मुलांना पूर्ण गोष्ट सांगा. महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता. आणि आपल्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाचे लखुजी जाधव, म्हणजे जिजाऊंचे वडील, यांनीही निजामशाहीची चाकरी केली होती. झगडा किनाऱ्यावरच्या सत्तेचा होता. दोन्ही बाजूंना दोन्ही धर्मांची माणसं होती.

जाताना एवढं ध्यानात ठेवा:

• प्यायचं पाणी सोबत घ्या.
• तटावर बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नका.
• पायऱ्यांवर शेवाळ असतं, पकड असलेली चप्पल किंवा बूट घाला.
• होडीवाले परतीसाठी ठरावीक वेळच देतात. नमाजची वेळ धरून निघा.
• वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. भिंतीवर नावं कोरू नका, कचरा परत आणा.

वेळ उरला तर राजपुरीजवळ खोकरीचे घुमट बघा. सिद्दी सरदारांच्या या दगडी कबरी आहेत, तिथे जायला होडी लागत नाही.