मुलाच्या पोटात दारू गेली तर: जव्हार-मोखाड्यातील पालक व कार्यकर्त्यांसाठी माहिती

जव्हार-मोखाड्याच्या अनेक पाड्यांवर मोहाची दारू घरीच गाळली जाते. ती पाण्याच्या बाटलीत किंवा तांब्यात ठेवलेली असते. खेळून आलेले तहानलेले मूल पाणी समजून ती तोंडाला लावते. कधी लग्नात कुणी मोठा माणूस गमतीने घोट पाजतो, तर कधी सर्दीवर उपाय म्हणून चमचाभर दिली जाते. मग मूल गुंगते आणि झोपी जाते. घरचे म्हणतात, "झोपू दे, उतरेल." हेच वाक्य सर्वांत घातक आहे.

मुलांना धोका जास्त का?

बाजारातील विदेशी मद्यात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. १० किलो वजनाच्या मुलाने त्यातले ३० मिली घेतले, तर वजनाच्या हिशेबाने ते ६० किलोच्या माणसाने १८० मिली, म्हणजे अख्खी क्वार्टर एकदम पिण्यासारखे होते. घरी गाळलेल्या दारूची तीव्रता तर सांगताच येत नाही.

दुसरा धोका साखरेचा. उपाशी असताना यकृत रक्तातील साखर टिकवून ठेवते. दारू यकृताचे हेच काम रोखते. लहान मुलाच्या, त्यातही कुपोषित मुलाच्या शरीरात साखरेचा साठा आधीच कमी असतो. त्यामुळे काही तासांतच साखर घसरते, झटके येतात आणि मूल बेशुद्ध होते. १९९२ च्या वावर-वांगणीपासून कुपोषणाशी झगडणाऱ्या या भागात ही गोष्ट विशेष लक्षात ठेवायला हवी.

लक्षणे

- तोंडाला दारूचा वास, तोल जाणे, बोबडे बोलणे, उलट्या
- हाक मारून, हलवूनही नीट जागे न होणे
- अंग गार व घामट, ओठ किंवा नखे निळसर
- झटके येणे
- श्वास मंद होणे, मध्येच थांबणे

वास आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. पोटातील दारू रक्तात उतरत असते, त्यामुळे आत्ता बरे दिसणारे मूल अर्ध्या तासाने खालावू शकते.

काय करावे?

१. लगेच १०८ ला फोन करा. फोन लागत नसेल तर आशाताईंना गाठा आणि मिळेल त्या वाहनाने निघा.
२. मूल पूर्ण जागे असेल आणि नीट गिळत असेल, तरच साखरेचे किंवा गुळाचे पाणी थोडे थोडे पाजा.
३. मूल गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका. त्याला कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.
४. अंगावर चादर घाला, एकटे सोडू नका.
५. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे सुरू करा.
६. बाटली सोबत न्या. किती आणि केव्हा प्यायले, ते डॉक्टरांना सांगा.

उलटी करायला लावू नका. लिंबू, ताक, कॉफी पाजू नका. गार पाणी ओतू नका; अंगाची उष्णता आणखी घटते.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातील बोटोशीच्या मरकटवाडीतून एका बाळंतिणीला झोळीतून न्यावे लागले होते. आजही अनेक पाड्यांपर्यंत गाडी जात नाही. मुलाला झोळीतून न्यावे लागले तर त्याला उताणे ठेवू नका. कुशीवर ठेवा आणि श्वास पाहत चला. मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जा. रक्तातील साखर तपासण्याचा आग्रह धरा.

सॅनिटायझरही दारूच

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओ डोसऐवजी १२ बालकांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. चूक लक्षात येताच मुलांना रुग्णालयात हलवून देखरेखीखाली ठेवले आणि ती वाचली. सॅनिटायझर, स्पिरिट आणि दारू मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पाण्याच्या बाटलीत दारू भरू नका.

लपवू नका

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाकडून दारू विकून किंवा वाहून घेणे हाही कलम ७८ खाली गुन्हा आहे. पण कायद्याच्या किंवा बदनामीच्या भीतीने मुलाला घरात ठेवू नका. डॉक्टरांपासून लपवलेला प्रत्येक तास मुलाच्या जिवावर बेततो. मुलाला मुद्दाम दारू पाजली जात असेल तर १०९८ वर कळवा. पेसा कायद्याने ग्रामसभेलाही दारूवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार दिला आहे.

पाचवे शील आपण आपल्यासाठी घेतो. ते शेजाऱ्याला लाजवण्यासाठी नाही. आपल्या कार्यकर्त्याने पाड्यावर गेल्यावर आधी मुलाचा श्वास पाहावा, १०८ लावावा. दारूबद्दलचे बोलणे मूल घरी परतल्यावर, बसून, शांतपणे करता येईल.