रीडिंगवाला येऊन गेला का?

उमापुरात दर महिन्याला हा प्रश्न घरोघर व्हायचा आणि तो रीडिंगवाला म्हणजे मी. खरे तर मी ठेकेदाराचा माणूस, मीटरमागे पैसे घेणारा. पण लोकांच्या लेखी मीच 'बोर्ड'. १९६० साली स्थापन झालेल्या वीज मंडळाचे २००५ च्या जूनमध्ये विभाजन होऊन महावितरण आले, तरी आमच्या गेवराई तालुक्यात अजून 'बोर्डाची लाईट' म्हणतात.

जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची. घरातली सगळी बटणे बंद करा आणि चकती थांबते का बघा, एवढी तपासणी म्हाताऱ्या माणसालाही जमायची. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले, लाल दिवा लुकलुकू लागला. वहीही गेली; मोबाईलवर फोटो काढायचा. त्यामुळे घरबसल्या खोटे रीडिंग भरणाऱ्यांना आळा बसला, हे चांगलेच झाले.

आमच्या भागातली खरी अडचण वेगळीच. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की निम्म्या वस्तीला कुलूप. मीटर घरात, म्हणून शेरा 'लॉक' आणि बिल सरासरीचे. चार-पाच महिने कोयता चालवून परतलेल्या माणसाच्या हातात न जाळलेल्या विजेचे बिल पडायचे. तो पहिल्यांदा माझ्याच दारात यायचा. मी अर्ज लिहून द्यायचो, कोणाला भेटायचे ते सांगायचो.

स्मार्ट मीटर मोबाईल नेटवर्कवरून आकडा स्वतःच पाठवतो, कुलूप असले तरी. ऊसतोड कुटुंबाच्या दृष्टीने हा मोठाच फायदा आहे आणि तो मी मनापासून मानतो. पण २०२३ मध्ये कंत्राटे दिली गेली तेव्हा बोलणे प्रीपेडचे होते. आधी पैसे भरा, संपले की अंधार! राज्यभर विरोध झाला आणि २०२४ च्या जूनमध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे सरकारने जाहीर केले. मग तेच तंत्र पोस्टपेड होऊन 'टीओडी मीटर' (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दर) या नावाने आले. दिवसा वापरलेल्या विजेला सवलत, असे सांगतात. उमापुरात दिवसा माणसे रानात असतात. घरची वीज दिवेलागणीनंतर लागते. ही सवलत कोणाच्या पदरात पडणार?

आणि रीडिंग घेणाऱ्या पोरांचे काय? ठेक्यावरच्यांना ना नोटीस, ना भरपाई. यादीतले मीटर कमी होत जातात, तसा पगार आटतो. रीडिंगवाला दारी येत नाही, म्हणून बिलाची शंका आली की आता गेवराई गाठायची, म्हणजे एक रोज बुडवायचा.

लोक अजून मला विचारतात. मी सांगतो : मीटर बदलायला आले की जुन्याचे शेवटचे रीडिंग तुमच्या समोर लिहून घ्या, फोटो काढा, आणि पहिले बिल येईपर्यंत तो पुसू नका.